सुरात बसवलेली हाक

धुळा, तुझ्या दशक्रियेला नदीकाठी माइक माझ्या हातात आला तेव्हा मी चांगलं पाच-सात मिनिटं बोललो. उपक्रमशील शिक्षक, विद्यार्थ्यांचा लाडका, कधीही भरून न येणारी पोकळी, सगळं यथासांग बोललो. तू असतास तर मागं उभा राहून कुणाच्या तरी कानात म्हणाला असतास, "मास्तर पाठ केल्यालं म्हणतोय." लोकांनी माना डोलावल्या. मी माइक शेजारच्या पुढाऱ्याकडं दिला आणि सतरंजीवर जाऊन बसलो.

लोक पांगल्यावर तात्या माझ्याकडं आले. तुझ्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. गळ्याशी तोच पांढरा रुमाल, आणि बोलायला गेले की रुमालाआडून नुसता वारा. त्यांनी आधी आपल्या कानाला बोट लावलं, मग माझ्या खिशातल्या मोबाईलला. मला काही उमगेना. तुझा धाकटा भाऊ बाळू जवळ आला.

"तात्या रोज मागत्यात, मास्तर. दादाचा आवाज कशात हाय का म्हणून. त्याच्या फोनचं लॉक कुणालाच उघडंना. आन आमच्या फोनवर त्यानं आवाज भरून कदी धाडलाच न्हाई, नुसतं लिवून मेसेज टाकायचा. तुमच्याकडं असंल की कायतरी. तुमी तर वीस वर्सं एका शाळंत मास्तर."

मी म्हणालो, "बघतो रे. पण नसेल बहुतेक."

आहे. चार सेकंद आहे. माझ्या घरी, संगणकात. तरी मी नाही म्हणालो, तुझ्या बापाच्या तोंडावर, तुझ्या दहाव्याच्या दिवशी. का म्हणालो ते आता तुलाच सांगायचंय, कारण दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं तेही तुलाच.

तुला आठवत असेल, आपलं पहिलं मोठं भांडण मोबाईलवरूनच झालं होतं. मी सूर दाखवणारं ते ॲप घेतलं होतं. पोरानं 'सा' लावला की पडद्यावर काटा हलायचा, बरोबर असला तर हिरवा, चुकला तर लाल. मी खूश. वीस वर्षं घसा कोरडा करून जे सांगत होतो ते आता यंत्र सांगणार. आठवड्याभरात अख्खा सातवीचा वर्ग काळी दोनच्या पट्टीत हिरवा व्हायला लागला. तू विज्ञानाचा तास संपवून खिडकीत येऊन उभा राहिलास, हाताला खडू तसाच. थोडा वेळ ऐकलंस आणि म्हणालास, "मास्तर, पोरं गात न्हाईत. काट्याकडं बघत्यात."

मी भडकलो. माझं काय, नाकावर राग. म्हटलं, "तू तुझे बेडूक कापायला शिकव. संगीताचा तास माझा आहे."

"बेडूक कापायचं बंद झालं कवाच," तू म्हणालास, आणि हसत निघून गेलास. तू भांडणात हसायचास हे मला कधीच सहन झालं नाही.

खरं तर हे असलं सगळं मला तूच शिकवलं होतंस. संगणकाचा माऊस टेबलावर न ठेवता मी पडद्यावर टेकवून बसलो होतो, तो तू हळूच काढून माझ्या हाताखाली दिलास, आणि ते स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलं नाहीस. अख्खी दिवाळीची सुट्टी माझ्या घरी येऊन आवाज कसा कापायचा, कसा जोडायचा, मागची गडबड कशी काढायची ते दाखवलंस. माझी बायको चिवड्याची ताटली ठेवून जायची आणि तू त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायचास. ओझरला माघी गणेशजन्माच्या कार्यक्रमाला मुलांना गायला न्यायचं होतं तेव्हा माझी पेटी मांडीवर घेऊन तू माझ्या मोटरसायकलवर मागं बसलास आणि प्रत्येक खड्ड्याला मला शिव्या घातल्यास. "मला आपटलं तर चालंल, तिला न्हाई." पेटीला एक ओरखडा पडला नाही. मी तेव्हा आभारसुद्धा मानले नव्हते. आपल्यात तशी पद्धतच नव्हती असं म्हणून मी आजवर सुटत आलो.

मग तात्यांच्या घशाचं निघालं. डॉक्टरनं सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, महिन्याच्या आत. तू दोन दिवस रजेवर होतास. तिसऱ्या दिवशी आलास तो एक कागद घेऊनच. मला वाटलं ऑपरेशनचं काही असेल. तो सातवीसाठी एक उपक्रम होता.

तुझ्या घरची साठ-सत्तर मेंढरं एकट्या तात्यांच्या हाकेवर वळायची. बाळूनं ओरडून ओरडून जीव काढला तरी ती मान वर करायची नाहीत. आपल्याकडं दिवस मावळायच्या आत मेंढरं गोळा झाली नाहीत तर शेजारच्या उसात कोण बसलंय ते सांगायला नको. बिबट्यानं वर्षभरात किती कुत्री उचलली ते गावातलं पोर सांगेल. तुझं म्हणणं असं, की पोरांनी तात्यांकडून ती हाक शिकायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की रानात जायचं, तात्यांच्या पुढ्यात बसायचं. आई-बापाच्या मोबाईलवर स्वतःची हाक भरायची, ऐकायची, पुन्हा द्यायची. आवाज वर कुठं चढतो, श्वास कुठं तुटतो, त्याची रेघ आलेख-कागदावर काढायची. आणि परीक्षा मेंढरं घेणार. वळली तर पास.

"तू नुसता त्यांच्यासंगं बस," तू मला म्हणालास. "मला रानातल्या वाटा कळत्यात, कान तुझा हाय. तुझ्यासारखा कान या तालुक्यात कुणाचा न्हाई."

असं तू मला वीस वर्षांत एकदाच म्हणालास. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "मेंढरं वळवायला शिकवण्यासाठी मी विशारद झालो नाही. आणि पुढच्या महिन्यात समूहगान स्पर्धा आहे."

तू कागदाची घडी घातलीस. "तुझ्या अभ्यासक्रमात मेंढरं बसत न्हाईत, एवढंच ना," म्हणालास. त्या दिवशी हसला नाहीस.

तू एकटाच पोरं घेऊन गेलास. चार शनिवार मिळाले असते, पण ऑपरेशनची तारीख अलीकडं आली आणि दोनच मिळाले. दुसऱ्या शनिवारी तू तात्यांची हाक आपल्या फोनवर नीट भरून घेतलीस, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये फोनमधलं मेमरी कार्ड माझ्या तळहातावर ठेवलंस. "एवढंच कर. वारा लई हाय, त्यो जरा कमी कर. बाकी कशाला हात लावू नको. पोरांना ह्याच्यावरून शिकता यील, आन तोवर बाळ्या स्पीकरवर लावून मेंढरं वळवील."

मी घरी गेलो, कार्ड लावलं, हेडफोन घातले. आधी वारा. मग घशात घुमलेलं ते 'हुर्रर्र', आणि त्यातून एकदम वर चढलेला लांब 'येऽऽ'. धुळा, अंगावर काटा आला माझ्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आणि काटा खाली बसायच्या आत माझ्यातला मास्तर जागा झाला. तो 'ये' गंधारावर थांबत नव्हता. कोमल म्हणावा तर वर, शुद्ध म्हणावा तर खाली. ॲप लावून पाहिलं. लाल.

मी वारा काढला. मग मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. मग श्वासाला लागलेली धाप काढली, दोन हाकांमधलं अंतर सारखं केलं. आणि मग सगळी फाईल एकसाथ निवडून सुरात बसवली. एका क्लिकचं काम. तात्यांचा 'ये' शुद्ध गंधारावर असा येऊन बसला की मीच स्वतःला शाबासकी दिली. खोटं सांगत नाही, मला वाटलं मी तुला भेट देतोय. जाणाऱ्या आवाजातला दोष काढून देतोय असं वाटलं. त्याच नावानं सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलनाच्या गाण्यांसाठी कार्ड हवं होतं, म्हणून ते पुसून मोकळं करून घेतलं. तुला दुसऱ्या कार्डावर फाईल दिली. तू ती ऐकलीही नाहीस, माझ्यावर विश्वास ठेवून सरळ दवाखान्यात गेलास.

तात्या घरी आल्यावर महिन्याभरानं तू ती हाक मेंढरांना पहिल्यांदा ऐकवायचा कार्यक्रम ठेवलास. मला आग्रहानं नेलंस. कांदा काढून मोकळं झालेलं रान, पलीकडं ऊस, बांधावर पोरं ओळीनं बसलेली. तात्या घोंगडीवर, गळ्याला पट्टी. बाळूनं स्पीकर खाटेवर ठेवला. दिवस कलला होता, मेंढरं लांबवर पसरलेली. तू बटण दाबलंस.

हाक घुमली. स्वच्छ, सुरेल, एकसारखी. मेंढरांनी माना वर केल्या. एक क्षणभर सगळी थांबली. मग एकेकीनं मान खाली घातली आणि चरायला लागली.

तू पुन्हा लावलंस. आवाज वाढवलास. पोरं खुसखुसायला लागली. मी मेंढरांकडं बघत होतो, म्हणून तात्यांकडं माझं लक्ष उशिरा गेलं. ते तुझ्याकडं बघत तळहात हलवत होते, सावकाश, दोनदा. हा माझा नव्हे.

तू माझ्याकडं वळलास. "मास्तर, मूळची फाईल हाय ना?"

तिथं मी बोलायला हवं होतं. तीस पोरं समोर होती, माझी पोरं, ज्यांना मी रोज सूर म्हणजे काय ते सांगायचो. मी म्हणालो, "मूळचीच आहे ती. तुझ्या फोनमध्येच रेकॉर्डिंग खराब आलंय. फोन जुना झालाय तुझा."

तू माझ्याकडं पाहिलंस. मग तात्यांपुढं उकिडवा बसलास आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालास, "माझाच फोन जुना व्हता, तात्या. चुकलं माझं."

त्या महिन्यात तुमची दोन कोकरं उसाच्या कडेनं गेली ती परत आली नाहीत. बाळूनं मला रस्त्यात सांगितलं, सहज, हवापाण्याचं सांगावं तसं. मी "अरेरे" म्हणालो.

तू थांबला नाहीस. रेकॉर्डिंग नाही, आवाज नाही, तरी तुझे शनिवार चालूच राहिले. आता तात्या हातानं शिकवायचे म्हणे. हात वर गेला की चढायचं, मूठ मिटली की तोडायचं. पोरांनी आपापली हाक मोबाईलवर भरायची आणि तात्यांच्या कानाला लावायची. मान हलली तर ठेवायची, तळहात हलला तर पुसून टाकायची. हे मला त्या पोरांतल्या रूपालीकडून कळायचं. ती माझ्या पेटीच्या वर्गाला यायची, आणि अधूनमधून तिचा गंधार घसरायचा. मी तिला किती वेळा टोकलं असेन. "खाली नको. वर. काट्याकडं बघ."

तीन-साडेतीन महिन्यांनी तू म्हणालास, "मास्तर, शनिवारी ये. पोरगी तयार झालीय." मी म्हणालो परीक्षेचे फॉर्म भरायचेत. फॉर्म शुक्रवारीच भरून झाले होते. त्या शनिवारी संध्याकाळी तू मला व्हिडिओ पाठवलास. मला एकट्यालाच पाठवलास, खाली दोन शब्द: "मास्तर, पास."

मी अंगठा पाठवला. व्हिडिओ उघडला नाही. उघडला असता तर त्यात मेंढरं वळलेली दिसली असती, आणि मग माझ्या त्या फाईलचं काय? आज बघू, उद्या बघू, करता करता दीड वर्ष तो तसाच राहिला. तू एकदा विचारलंस, "बघितलास का रं?" मी म्हटलं, "फार छान." तू नुसता 'हं' म्हणालास. त्यानंतर आपण खूप बोललो, चहा प्यालो, बदल्यांवर आणि पगारवाढीवर भांडलो, पण गाण्यावर तू माझ्याशी पुन्हा कधी वाद घातला नाहीस. मला वाटायचं, चला, मी जिंकलो.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ उघडायला गेलो. नुसतंच गोल फिरत राहिलं. मग मोबाईल म्हणाला, ही फाईल आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

मग मी संगणकातली ती हाक काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. हाक संपते, आणि मी आळसानं शेपूट कापलं नव्हतं म्हणून त्याच्यामागं तू आहेस. "बास तात्या. लई झ्याक. पाणी प्या आता." पण मी सगळी फाईल एकसाथ सुरात बसवली होती ना, धुळा. त्यात तूही बसलायस. लग्नातल्या डीजेवर आवाज फिरवून टाकतात तसा. 'बास' षड्जावर, 'तात्या' दोन पायऱ्या वर, आणि 'पाणी' शुद्ध गंधारावर. तुझा तो खरखरीत, शेवटी खाली पडणारा आवाज कुठंच नाही. मी तीन संध्याकाळी बसून तो उलटा फिरवून पाहिला. सूर खाली ओढले, वाऱ्याची जुनी रेकॉर्डिंग शोधून वारासुद्धा घातला. नाही झालं. काढलेलं परत घालता येत नाही हे तू मला दिवाळीच्या सुट्टीत, अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. मूळची प्रत आधी बाजूला ठेव, म्हणाला होतास.

हे तात्यांना कसं द्यायचं? म्हणून नाही म्हणालो. पण नाही म्हणून घरी आलो आणि जेवण गेलं नाही. एकदा तुझ्या रानात खोटं बोललो ते तुझ्या माथी मारलं. आता परत खोटं बोललो तर ते कुणाच्या माथी मारू?

परवा ती फाईल मोबाईलवर घेऊन गेलो. मेंढरं अवसरी खुर्दच्या अंगाला, एकाच्या रानात खतासाठी बसवली आहेत. तात्या घोंगडीवर होते, बाळू मेंढरांच्या रात्रीच्या कुंपणाची जाळी ठोकत होता. मी तात्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "आहे माझ्याकडं. पण नीट नाही."

लावलं. हाक गेली, तात्यांचा चेहरा हलला नाही. मग तू आलास. बास तात्या. लई झ्याक. पाणी प्या आता. चार सेकंद.

तात्यांनी तळहात हलवला. सावकाश, दोनदा.

मग मी सगळं सांगितलं. फोन खराब नव्हता, मी खराब केलं, कार्ड मी पुसलं, तुमचा आवाज आणि ह्याचा आवाज दोन्ही माझ्या हातानं गेले, आणि तुमच्या पोरानं ते आपल्या अंगावर घेतलं. बाळूचा हातोडा मध्येच थांबला होता. तात्या माझ्याकडं बघत नव्हते. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, जा म्हणतायत. त्यांना मोबाईल हवा होता.

त्यांनी तो कानाला लावला आणि बटणाकडं बोट दाखवलं. मी परत लावलं. संपलं की परत बोट. सहा-सात वेळा. दर वेळी त्यांची मान 'नाही' म्हणून हलत होती आणि दर वेळी बोट बटणाकडं जात होतं.

शेवटी बाळू म्हणाला, "मास्तर, ते आमच्या फोनवर टाका." हातोडा खाली ठेवून म्हणाला, "जसं हाय तसं टाका. आता हात लावू नका कशाला."

मी टाकलं, तात्यांनी बाळूचा फोन कानाला लावला, तेवढ्यात बांधावरून रूपालीनं हाक दिली. ती अजून शनिवारी येते, तू नसतानाही. खाली घशातलं 'हुर्रर्र', आणि मग वर चढत गेलेला तो 'ये', दोन गंधारांच्या मध्ये कुठंतरी, जिथं माझ्या पेटीला पट्टीच नाही. रानभर पसरलेली मेंढरं एकदम वळली. माझ्या अंगाला घासून, माझे पाय तुडवत, धुरळा उडवत जाळीकडं निघाली. तात्या मोबाईल कानाला लावूनच बसले होते.

धुळा, तुझा फोन चांगला होता.